आईच्या हाताचा रंग

रविवार, ५ जानेवारी २०२५
धसई, ता. मुरबाड

कुणालीताई,

सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं झाली आहेत. हे लिहायला बसायच्या आधी मी ओटीवर आईचा उजवा हात एका काचेवर ठेवून उभा होतो. आई म्हणाली, "हाताचा फोटो कशाला रे? हाताला काय नवरा बघायचाय?" मी हसलो नाही. तीही नंतर हसली नाही.

काच प्रिंटरची आहे. मुरबाडला स्टँडमागे प्रणयचं झेरॉक्सचं दुकान आहे, तुला आठवत असेल. त्याने मोठं मशीन घेतलं आणि जुनं मला दिलं. प्रिंट, स्कॅन, झेरॉक्स, तिन्ही एकात. शाईच्या चार टाक्या बाजूला दिसतात: काळी, निळी, गुलाबी, पिवळी. किंमत साडेसहा हजार. दोन हजार दिले आहेत. प्रणय म्हणाला, "एकतीस तारखेपर्यंत वापर. पटलं तर बाकीचे दे. नाय पटलं तर आणून टाक, पाचशे भाडं कापून उरलेले परत." म्हणजे माझ्याकडे सव्वीस दिवस आहेत.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितो आहे असं समजशील. तसंही आहे. पण फोटो मोबाईलवर पाठवला तर तुला तुझ्या मोबाईलचा रंग दिसेल. मला कागदावरचा रंग तुझ्या हातात हवा आहे.

कशासाठी ते सरळ लिहितो. टीव्हीच्या वरच्या खिळ्याला तुझा तो फोटो अजून आहे. मी दोनदा काढायला गेलो. आई काढू देत नाही. म्हणते, "घरात पोरीचा तेवढा येकच हाय." त्या दिवशीची मूळ फाईल माझ्याकडे मेमरी कार्डात आहे, हात न लावलेली. ती छापून जुन्याच्या जागी लावायची आहे. पण ती खरी छापली गेली की नाही हे सांगणारं माणूस एकच आहे, आणि ते दोन वर्षं आठ महिने इथे आलेलं नाही. तू हो म्हणाल्याशिवाय मी भिंतीला हात लावणार नाही. त्याआधी मशीन पारखून घेतो.

सुरुवात चेहऱ्याने केली नाही. चेहऱ्यात आपण माणूस बघतो, रंग बघत नाही. म्हणून हात. आधी आईला हात उपडा ठेवायला लावला तर तळवा छापून आला, आणि तळवे सगळ्यांचेच गोरे असतात हे तेव्हा कळलं. बाबांचा तळवा आणि बाजारातल्या शेठचा तळवा, काही फरक नाही. मग हात उलटा, तळवा वर आणि मागची बाजू काचेला.

सोबत तीन प्रिंट आहेत. 'अ' साध्या कागदावर. 'ब' चकचकीत फोटोच्या कागदावर, चांगल्या दर्जाला. 'क' त्याच कागदावर, पण भरभर. 'ब'ला दोन मिनिटं पन्नास सेकंद लागली, 'क'ला एक मिनिट दहा. फोटोच्या कागदाला उलटी बाजू असते हे मला ठाऊक नव्हतं. पहिले दोन उलट्या बाजूने घातले, शाई अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखी तरंगत राहिली. ते दोन वाया गेले.

प्रिंट निघाल्यावर आईला हात शेजारी धरायला सांगितला. तिने डावा पुढे केला. मला तिन्हीही बरोबरच वाटतात. मी तो हात रोज बघतो, त्यामुळे माझ्या डोळ्यावर माझा भरवसा नाही. तुला तो आठवणीतून माहीत आहे. सकाळी नऊच्या सुमाराला खिडकीपाशी, ऊन थेट न पडू देता बघ आणि कोणता ते सांग.

तिन्हींवर अंगठ्याच्या मुळाशी तपकिरी डाग दिसेल. तो शाईचा आहे. त्याकडे लक्ष देऊ नकोस, मी मशीन साफ करून घेतो.

मितेश

रविवार, १२ जानेवारी २०२५
धसई

कुणालीताई,

काल दुपारी पाकीट आलं. पोस्टमन गोजरभाऊ म्हणाला, "शहापूरचा शिक्का हाय, बघ." मी भाजीच्या टेम्पोची वजनं लिहीत होतो. एक काकडीची गोण चुकून दोनदा लिहिली, मग खोडली. माझ्या वहीत या वर्षीची पहिली खाडाखोड.

आत माझेच तीन प्रिंट होते. पत्र नव्हतं. 'ब'च्या मागे तुझं अक्षर होतं, तिथल्या शाळेतल्या मुलींच्या वह्या तपासतेस त्या लाल पेनने. मी ते इथे उतरवून ठेवतो, कारण प्रिंट मी वेगळ्या पाकिटात जपून ठेवला आहे.

"ब. पण थोडा लाल. डाग शाईचा नाही. शाईचा डाग कातडीच्या सुरकुतीबरोबर वळत नाही. आईच्या हाताकडे बघ."

ताई, हा डाग घालवायला मी काय काय केलं ते आधी सांगतो, म्हणजे माझी अक्कल तुला कळेल. प्रिंटरमध्ये एक तपासणीचं पान निघतं. चार रंगांच्या बारीक रेघांची जाळी असते, कुठे रेघ तुटली तर तिथे शाई अडकली. माझ्या जाळीत गुलाबीच्या दोन रेघा तुटलेल्या होत्या. मला आनंद झाला की दोष सापडला. साफसफाईचं बटण दाबलं. ते शाई ओढून आतल्या आत फेकून देतं. रेघा जुळल्या, डाग तसाच. पुन्हा दाबलं. मग काच पुसली, आधी ओल्या फडक्याने, मग बाबांच्या धुतलेल्या बनियनने. पुन्हा दाबलं. पाच वेळा झाल्यावर गुलाबीची टाकी खुणेच्या खाली गेली आणि मला बुधवारी नवी बाटली आणायला मुरबाडला जावं लागलं. चारशे रुपये. प्रणय म्हणाला, "मशीन येवढं धुतोस, तू आंघोळ तरी करतोस का?"

डाव्या हाताशी प्रिंट जुळतो आणि डाव्या हाताला डाग नाही, म्हणजे डाग मशीनचा. असा माझा हिशोब होता. उजवा बघायचं सुचलं नाही. स्कॅन करताना हाताची मागची बाजू काचेकडे असते, म्हणजे ती मशीनला दिसते, मला नाही.

काल तुझं वाचून चुलीपाशी गेलो. आई भाकरी थापत होती. म्हटलं, "आई, हात दाव."

"कुठला?"

"उजवा."

"पीठ लागलंय."

"तसाच दाव."

रुपयाएवढा भाजल्याचा डाग आहे, ताई. वरची कातडी गेलेली, कडेला काळपट. गुरुवारी, दोन तारखेला, भाताची पेज काढताना टोप कलंडला होता. म्हणजे मी हात काचेवर ठेवायला लावला तेव्हा तीन दिवस झाले होते. तिने दुखऱ्या जागेने काच दाबली आणि तोंडातून शब्द काढला नाही.

मी म्हटलं, "सांगितलं का नाय?"

ती म्हणाली, "तू मशीनमदे. तुजा बाप वालाच्या शेतात. सांगू कोनाला, टोपाला?" मग विचारलं, "तुला कसं कळलं?"

"ताईनी सांगितलं."

तिने भाकरी उलटली. मग म्हणाली, "शहापुरातनं दिसला तिला?"

मलम आणलं आहे. डॉक्टरांनी पाणी लावू नका सांगितलं, ते ती ऐकत नाही. जखम वाळते आहे, पू नाही. खोटं लिहीत नाही. दर पाकिटात त्या जागेचा एक प्रिंट पाठवतो, तारीख मागे घालून. आजचा सोबत आहे. लालपणा मी थोडा कमी केला आहे.

आता मशीनबद्दल माझं मत बदललं आहे. त्याने जे होतं तेच दाखवलं. एक प्रिंट स्टीलच्या ताटाने अर्धा झाकून कौलांवर ठेवला आहे, उन्हाने रंग किती उडतो ते बघायला. दुसऱ्यावर थेंबभर पाणी टाकून बघितलं. लगेच पुसलं तर काही होत नाही, दहा मिनिटं ठेवलं तर निळं ओघळतं.

मागे काहीतरी लिहीत जा. एका ओळीनेही चालेल.

मितेश

शुक्रवार, १७ जानेवारी २०२५
धसई

कुणालीताई,

या वेळी मोठं कोडं पडलं होतं आणि ते सुटलं आहे. क्रमाने सांगतो.

मंगळवारी सकाळी वरच्या वाडीची बाईजा आवळे विकायला आली. आई म्हणाली, "हिचा हात घे की. माज्या हाताला इस्रांती." बाईजा काचेजवळ आली आणि थांबली. "आत वीज हाय ना? वढून घेनार नाय ना हात?" मी आधी माझा ठेवून दाखवला. मग तिने बांगड्या वर सारून ठेवला. प्रिंट निघेपर्यंत ती खाली बसून कागद कुठून आत जातो आणि कुठून बाहेर येतो ते बघत होती. म्हणाली, "कोंबडीवानी. मागनं दानं, पुडनं आंडं."

हात अगदी बरोबर आला. मग मी मोबाईलने तिचा चेहऱ्याचा फोटो काढला, ओटीवर, त्याच उजेडात, आणि तोही छापला. दोन्ही शेजारी ठेवले. तिने एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे.

"हात माजा," ती म्हणाली, "तोंड कुनाचं?"

खरंच, ताई. शाई तीच, कागद तोच, दर्जा तोच, बाई तीच. हात सावळा आणि चेहरा दोन पायऱ्या उजळ. मला आधी वाटलं मोबाईल करतो. म्हणून तिचा हात मोबाईलने काढून छापला. तो सावळाच आला. मग चेहरा मोबाईलच्या पडद्यावर बघितला, तर तिथेही सावळा. म्हणजे रंग पडद्यावरून कागदावर जाताना मध्ये कुठेतरी बदलत होता, आणि फक्त चेहऱ्याचाच. यंत्राला चेहरा कसा ओळखू येतो? त्या दिवशी मी बाजारात गेलोच नाही.

बुधवारी म्हशाच्या जत्रेला गेलो. घोंगडी घ्यायची होती बाबांना, पण माझं लक्ष फोटोच्या स्टॉलवर होतं. मी ज्यांच्या स्टुडिओत कामाला होतो त्या कमळाकरशेठचा या वर्षीही स्टॉल आहे, मागे धबधब्याचा पडदा. गर्दी तीच. मी त्यांना कोडं घातलं. त्यांनी गिऱ्हाइकाची हनुवटी वर करता करता मला सांगितलं, "अरे येड्या, छापायच्या टायमाला जो डबा उघडतो ना, त्यात खाली जा. आपोआप सुधारण्याचा चौकोन असतो. त्याला टिक लावूनच मशीन येतं कंपनीतनं. तोंड दिसलं का उजळतं." मग म्हणाले, "आनि तू ती टिक काढू नकोस. गिऱ्हाईक रंगाचे पैसे देतं. तोंड त्याच्याकडं फुकट हाय."

घरी येऊन शोधलं. आहे. तीन पानं आत, सगळ्यात खाली, बारीक अक्षरात. टिक काढली आणि बाईजाचा चेहरा पुन्हा छापला. गुरुवारी ती आली तेव्हा दाखवला. तिने हाताच्या प्रिंटला लावून बघितला. "आता तोंड हाताला मिळालं," म्हणाली. "आधारवर पन दुसरीच बाई हाय. ही मी." आवळ्यांचे पैसे न घेता ती दोन्ही प्रिंट पदरात बांधून घेऊन गेली.

उन्हाचा निकाल: पाच दिवसांत उघड्या अर्ध्या भागाचा गुलाबी थोडा उडाला, झाकलेला जसाच्या तसा. भिंतीवर लावायचा तर खिडकीसमोर नको. टीव्हीवरची भिंत चालेल.

म्हणजे ताई, मशीन आपल्या मनाने माणसाला गोरं करतं, आणि छापणाऱ्याला पत्ताही नसतो. मी दहा दिवस रोज वापरत होतो तरी मला कळलं नव्हतं. तेव्हा त्या दिवशीही कदाचित असंच काही झालं असेल. मशीनचं काय सांगावं.

आईच्या हाताचा आजचा प्रिंट सोबत. खपली धरली आहे.

मितेश

बुधवार, २२ जानेवारी २०२५
धसई

कुणालीताई,

तुझं पाकीट आज सकाळी मिळालं. आईच्या हाताच्या प्रिंटमागे दोन ओळी.

"खपली काढू देऊ नकोस, खाजवते ती. शेठच्या स्टुडिओत असा चौकोन होता का?"

मी दिवसभर उत्तर मनात लिहीत होतो आणि खोडत होतो. टेम्पो गेल्यावर रिकाम्या क्रेटवर बसून कच्चं लिहिलं. आता घरी पक्कं लिहितो आहे.

नव्हता. स्टुडिओतलं मशीन वेगळं होतं. त्यात आपोआप काही होत नसे. जे व्हायचं ते कॉम्प्युटरवर हाताने, माउसने एक खूण पट्टीवर सरकवून. पट्टीला शून्यापासून शंभरपर्यंत आकडे असतात. शेठ गिऱ्हाइकाला विचारून दहा, फार तर पंधरावर नेत. तुझा फोटो त्यांनी केला नाही. ते त्या दिवशी शहापूरला लग्नाच्या ऑर्डरवर गेले होते. दुकानात मी एकटा होतो, फोटोही मीच काढला. मी खूण बत्तीसवर नेली. आधी वीस केलं, मग पंचवीस, मग डोळे मिटून उघडले आणि अजून थोडं. आकडा मला पाठ आहे.

का, तर बायोडाटा कल्याणच्या स्थळाला जायचा होता, आणि आधीची दोन स्थळं फोटो बघूनच परत फिरली होती. बाबा काही बोलत नव्हते. मला वाटलं माझ्या हातात काहीतरी आहे. तुला विचारायचं सुचलं नाही. खोटं लिहिलं. सुचलं होतं. तू नको म्हणशील म्हणून विचारलं नाही. बारा प्रती काढल्या, त्यातली एक फ्रेम करून आईला दिली. आईने ती बघून माझा मुका घेतला.

पुढचं तुला माहीत आहे. तरी मी लिहितो, कारण ते मी कधी तोंडाने बोललो नाही. तू चहाचा ट्रे घेऊन बाहेर आलीस. मुलाच्या आत्याने पर्समधून फोटो काढला आणि ट्रे धरलेल्या तुझ्या हाताला लावला. "ही पोरगी आनि ही पोरगी येक हाय का?" असं सगळ्यांसमोर विचारलं. फोटो हाताला लावून बघायची रीत मी या महिन्यात माझी म्हणून वापरतो आहे, पण ती मी त्या बाईकडून शिकलो.

ते उठून गेल्यावर तू मला विचारलंस, "मितेश, हे कोनी केलं?"

मी म्हटलं, "स्टुडिओत सगळ्यांचेच तसे येतात. मशीनच तसं हाय."

तू माझ्याकडे बघत राहिलीस. तुला कळलं होतं, असं मला आता वाटतं. फोटोसाठी तू भांडली नसतीस. मी मशीनवर ढकललं, म्हणून तू पिशवी भरलीस.

आणखी एक आहे. जत्रेत शेठ जे बोलले त्यातलं एक वाक्य मी मागच्या पत्रात गाळलं. मी निघताना ते म्हणाले, "तुझ्या बहिनीच्या फोटोला मी बोट लावलं न्हवतं हां. तुझ्या बापानी माझ्या दुकानासमोर येऊन चार मानसांत मला शिव्या घातल्या, मी गप बसलो. पोरगा माझ्याकडं कामाला हाय म्हनून." मला ते ठाऊक नव्हतं. काल बाबांना मी सगळं सांगितलं. ते ओटीवर सुतळी वळत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजे मी त्या मानसाला फुकट बोललो?" मी हो म्हटलं. आज सकाळी ते सातच्या एसटीने मुरबाडला गेले. कुठे ते सांगितलं नाही. येताना हातात शेठच्या दुकानाची पिशवी होती आणि आत चार शेव-चिवड्याची पाकिटं.

मागच्या पत्रातलं शेवटचं, मशीनचं काय सांगावं, ते मी परत घेतो. मशीनचं सगळं सांगता येतं. मीच सव्वा पान भरून सांगितलं होतं.

सोबत एक प्रिंट आहे. मेमरी कार्डातली मूळ फाईल. खूण शून्यावर, आपोआपची टिक काढलेली, लाल चार घरं कमी, 'ब'चाच कागद. एकच काढला, आणि मी त्याकडे फार वेळ बघितलं नाही, कारण माझा डोळा पुन्हा सुधारायला जाईल. आईला अजून दाखवलेला नाही. आधी तुला.

नऊ वाजता खिडकीपाशी हात शेजारी धर. ती तू असलीस तर मागे तसं लिही. नसलीस तर फाडून टाक आणि काही कळवू नकोस. तीस तारखेपर्यंत काही आलं नाही तर मी समजेन आणि मशीन प्रणयला परत देईन. खिळ्यावर जे आहे ते आहेच.

मितेश

गुरुवार, ३० जानेवारी २०२५
धसई

कुणालीताई,

सोमवारी टपाल नव्हतं. मंगळवारी होतं, पण आपलं नाही. काल गोजरभाऊ सायकलवरून न उतरताच नाही म्हणून मान हलवून गेला. काल रात्री मी चारही टाक्यांची झाकणं घट्ट केली, वायर गुंडाळली आणि मशीन खोक्यात भरलं. आई बघत होती. म्हणाली, "यवढा हात भाजून घेतला मी त्याच्यासाठी." मी म्हटलं, "तो पेजेनी भाजला." ती म्हणाली, "तेच ते."

आज सव्वाअकराला मी खोकं खांद्यावर घेऊन धसईच्या स्टँडवर उभा होतो. एसटी लागली होती. गोजरभाऊ पलीकडून ओरडला, "ये मितेश! शहापूर!"

मी खोकं खाली ठेवून पाकीट उघडलं. कंडक्टर म्हणाला, "येनार का नाय? टाइम झाला." मी म्हटलं, "एक मिनिट." तो म्हणाला, "तुझं एक मिनिट आमी वळखतो," आणि घंटी मारली. एसटी गेली. मला वाचायला एका मिनिटापेक्षा जास्त लागलं, कारण या वेळी मागची पूर्ण बाजू भरलेली होती आणि शेवटच्या ओळी कडेने वर चढवलेल्या होत्या.

जसं आहे तसं इथे उतरवतो.

"नऊ वाजता बघितला. मग दहा मुलींना बोलावून बघायला लावला, त्यांना न सांगता. सगळ्यांनी हात आणि फोटो बघून 'मॅडम' म्हटलं. एकीने विचारलं, एवढ्या चिडलेल्या का दिसता. सांगितलं, फोटो काढणारा सारखा हनुवटी वर करा म्हणत होता. साडी आईची मोरपंखी आहे हे मी विसरले होते. त्या फोटोत ती आकाशी झाली होती. तू मला गोरं केलंस ते मला त्याच दिवशी कळलं होतं. तू बोलायला किती दिवस घेतोस ते बघत होते. फार घेतलेस. बाबा शेठकडे गेले हे वाचून दोनदा वाचलं. फोटो लाव. खिळा तोच ठेव, भिंतीला नवं भोक पाडू नकोस. जुना फाडायचा नाही, फ्रेमसकट मला पाठव. इथल्या मुली मोबाईलमध्ये तोंड पांढरं करून घेतात, त्यांना दोन्ही शेजारी लावून दाखवायचे आहेत. आईच्या हाताचा पुढचा प्रिंट अजून आलेला नाही."

खोकं परत घरी आणलं. वाटेत वजन जास्त वाटलं.

आईला फोटो दाखवला. तिने आधी साडी बघितली, मग तोंड, मग पुन्हा साडी. "माजीच की गो ही," म्हणाली. हे साडीला म्हणाली की तुला, मी विचारलं नाही. जुनी फ्रेम तिने स्वतः काढली, काच पदराने पुसली, आणि मागे इतक्या दिवसांची कोळ्याची जाळी होती तीही. नव्याला फ्रेम नाही, म्हणून सध्या पुठ्ठ्यावर चिकटवून त्याच खिळ्याला दोऱ्याने अडकवला आहे. बाबा संध्याकाळी आले, खाली बसले, टीव्ही लावला, आणि टीव्हीकडे बघितलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "चिडलीय."

आईच्या हाताचा आजचा प्रिंट सोबत आहे. खपली आपोआप पडली. खालची कातडी नवी आहे, गुलाबी. तो गुलाबी खरा आहे, मी दोनदा उजव्या हाताशी ताडून बघितला. बाकीच्या हातासारखी व्हायला दोन महिने लागतील, डॉक्टर म्हणाले. दर पंधरा दिवसांनी एक पाठवत जाईन.

आता मशीनचा निकाल. घरी फोटो छापायला चांगलं आहे. हळू आहे. चार रंगांत मोरपंखी पूर्ण येत नाही, थोडा निळ्याकडे झुकतो, हे तुझ्या लक्षात आलं नसेल तर आता येईल. आठवड्यातून एकदा तरी काही छापावं लागतं, नाहीतर शाई सुकते. वीज मध्येच गेली तर कागद वाया जातो. विकत घेतल्यावर पहिल्या दिवशी आपोआप सुधारण्याची टिक काढावी. ठेवतो आहे.

हिशोब, ५ ते ३० जानेवारी:

प्रणयला दिलेले: २०००
फोटोचे कागद, लहान पन्नास: २५०
फोटोचे कागद, मोठे वीस: १८०
गुलाबी शाई, एक बाटली (माझ्या मूर्खपणाची): ४००
एसटी, मुरबाड दोन खेपा: १२०
मलम: ८५
टपाल, चार पाकिटं: १६४
एकूण खर्च: ३१९९ रुपये.

प्रणयला देणे: ४५००, उद्या संध्याकाळपर्यंत. तीन हजार आहेत, दीड हजार बाबा देतो म्हणाले.
बाईजाला देणे: एक शेर आवळ्यांचे, ती घेत नाही.
कमळाकरशेठना देणे: मी स्वतः जाऊन बोलायचं आहे. बाबांनी चिवडा आणला, तो माझ्या खात्यात धरता येत नाही.
तुला देणे: जुना फोटो एक, फ्रेमसकट. काच फुटू नये म्हणून भाताच्या पेंढ्यात गुंडाळला आहे. टपालखर्च माझा.

मितेश